तेवीस आकड्यांचा दम

मडिवाळप्पा मास्तर गेले त्याला येत्या सोमवारी वर्ष होईल. त्यांच्याबद्दल कुणी काही लिहील असं वाटत नाही. ते गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात कामाला होते आणि लग्नसराईत नागप्पांच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. सोलापुरात अशी माणसं पुष्कळ. पण हल्ली आपल्याकडे नवरी निघताना जी चाल वाजते, जिच्यात मधेच एक सूर लांबच लांब धरतात, ती त्यांनी आणली. आणि त्यांच्यापर्यंत ती माझ्यामुळे पोचली. तेवढं तरी लिहून ठेवावं म्हणून बसले आहे.

मिशनच्या दवाखान्यात एक इंग्रज नर्सबाई होत्या. त्यांना मी दोन वर्षं मराठी शिकवलं. मी इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, मुलं, दुर्गा आणि यज्ञेश्वर, शाळेत गेली की दुपार रिकामी. एकोणसत्तर साली त्या मायदेशी निघाल्या तेव्हा त्यांनी मला एक लहानशी तबकडी दिली.

"माझ्या धाकट्या भावाचा बँड होता," त्या म्हणाल्या. "आता मोडला. तिकडे कुणी फारसं ऐकलं नाही. तुम्ही ऐका."

तबकडीवर नाव होतं, द ग्रे फेरीमेन. करडे नावाडी.

बँड हा शब्द मी सोलापूरच्या कानानं ऐकला. आमच्याकडे बँड म्हणजे लाल कोट, पितळी वाद्यं आणि मागे वरात. गोऱ्या लोकांच्या लग्नातही असंच काही वाजत असेल असं मी धरून चालले. पदवीत हे कुणी शिकवलं नव्हतं.

आमच्याकडचं वाजवायचं यंत्र ह्यांनी हौसेनं घेतलेलं. मुलं खुडबूड करतात म्हणून त्याच्या बाजूची वेगाची कळ ह्यांनी चिकटपट्टीनं बंद करून टाकली होती. घरातल्या अभंगांच्या मोठ्या तबकड्या त्यावर नीट वाजत. ही लहानही वाजली. जड, संथ, खोल गळ्याचं गाणं होतं. मला विशेष आवडलं नाही.

मास्तर आमच्या मागच्या चाळीत राहायचे. त्या दिवशी ते पाळी संपवून येत होते, भुवयांवर कापूस तसाच. दारात थांबले.

"अक्का, काय वाजतंय हे?"

"विलायतेतला बँड आहे, मास्तर."

"बँड?" ते उंबऱ्यातच बसले. "आमच्यासारका?"

"असेल."

"मग चाल कुटली ही? वरातीची, का निघतानाची?"

मी पुन्हा लावून कान दिला. मधे गाणारा एकच शब्द ओढत होता. गो. बाकीचं काही कळत नव्हतं.

"जा, असं म्हणतो आहे," मी सांगितलं.

"म्हंजे पाठवणीची की."

एवढ्यावर ते ठरलं. त्यांनी तिसऱ्यांदा लावायला सांगितलं आणि तो लांबलेला सूर बोटांच्या पेरांवर मोजला. तेवीस आकडे झाले.

"एका दमात तेवीस. लई दम हाय ओ गोऱ्याच्या छातीत." मग जरा वेळानं, "आपल्याला पन जमवायला पायजे."

सुट्टीच्या दिवशी ते तबकडी ऐकायला येत आणि ऐकून झालं की तलावाच्या काठी जाऊन फुंकत बसत. सुरुवातीला अकरा आकडे टिकत. नागप्पा बँडचे मालक, जिभेला तिखट. "मडिवाळ, तुला फुंकून तलावात होडी चालवायची हाय का?" ते सगळ्यांसमोर विचारायचे. मास्तर म्हणायचे, "नावाड्यांचीच चाल हाय, मालक." बँडमधली पोरं हसायची. त्यांच्या बायकोनं, निंगव्वानं, मला येऊन सांगितलं की माणूस जेवताना पण श्वास धरून बसतो, घास तोंडात तसाच. दहा महिने गेले. मग एक दिवस ते आमच्या अंगणात उभं राहून वाजवून गेले. मी दारातून मोजत होते. तेवीस.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात त्यांनी ती चाल पहिल्यांदा एका लग्नात, नवरी टांग्यात बसताना, वाजवली. सूर संपतच नाही असं वाटून बायका रडायच्या थांबल्या आणि संपल्यावर दुप्पट रडल्या. त्यानंतर लोक नागप्पांकडे येऊन ती "लांबीची" चाल मागू लागले. दोन-तीन वर्षांत गावातल्या सगळ्या बँडनी ती उचलली. त्यांचे वाजवणारे चौदा-पंधरावर सोडायचे. मास्तर लांबून ऐकत उभे राहायचे, मोजायचे, आणि पुढे जायचे. त्यांना तेवढं पुरे असायचं.

पंचाहत्तर साली खोकला सुरू झाला. गिरणीतल्या त्या खात्यातल्या सगळ्यांनाच होतो, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही.

शहात्तरच्या दिवाळीत यज्ञेश्वर पुण्याहून आला. तो इंजिनिअरिंगला. यंत्र पुसताना त्यानं तबकडीवरचं बारीक अक्षर वाचलं.

"आई, ही पंचेचाळीसची आहे. तुम्ही तेहतीसवर लावता."

"म्हणजे?"

"म्हणजे सात वर्षं तुम्ही चुकीचं ऐकताय."

त्यानं नखानं चिकटपट्टी काढली आणि कळ सरकवली. दुसरंच गाणं वाजलं. पोरसवदा आवाज, धावता ताल. यज्ञेश्वर पायानं ठेका धरत म्हणाला, "नाचायचं आहे गं हे. गो म्हणजे जा कुठलं? होऊन जाऊ दे, चल, असं."

तो सूर आला तेव्हा मी मोजलं. सतरा.

त्याच्या होस्टेलमधल्या एका मुलाकडे इंग्रजी मासिकं येतात. त्यात या नावाड्यांवर अर्धं पान होतं, तो सांगत होता. दोनच वर्षं चालले, तबकड्या विकल्या गेल्या नाहीत. पण पुढे नाव काढलेल्या मोठमोठ्या बँडवाल्यांनी त्यांच्याकडून घेतलं. खाली ताल पळत असताना वर एक सूर तसाच धरून ठेवायचा, ही त्यांची युक्ती. "त्यांना कुणी ओळखत नाही, पण त्यांचं सगळीकडे सापडतं," तो म्हणाला. मग हसू लागला. "सोलापुरात पण. मास्तरांना सांगतो, काय तोंड होईल त्यांचं."

"तू एक शब्द बोलायचा नाही."

"अगं, गंमत आहे."

"नाही बोलायचं, यज्ञा."

तो पुण्याला गेल्यावर मी कळ मागे सारून नवी पट्टी चिकटवली.

माघात दुर्गाचं ठरलं. मुलगा जेऊरचा, रेल्वेत. वैशाखातली तिथी धरली. मला त्या दिवसांत झोप नव्हती. माणसं चांगली असतील ना, घरात पाणी कुठून आणावं लागतं, सासू बोलायला कशी आहे, हे सगळं मी ह्यांना रोज विचारत होते आणि हे रोज तेच उत्तर देत होते.

लग्नाला पंधरा दिवस असताना निंगव्वा आली. बसली नाही.

"अक्का, डाक्टरनं फुंकायचं बंद करा म्हनलंय. छाती फाटंल म्हनला. हे ऐकत न्हाईत. दुर्गीच्या लग्नात तेवीस लावनार म्हनून बसलेत. पोरगी माज्यासमोर वाढली म्हनतात."

"मी सांगू?"

"तुमचंच ऐकतात. माजं काय, मी हायच."

माझ्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट होती आणि ती मी दडवून ठेवली होती. तेवीस आकडे त्या गोऱ्याच्या छातीतून कधी निघालेच नव्हते. ते आमच्या यंत्रातून निघाले होते. हे कळलं तर मास्तर सतरावर थांबतील. पण सात वर्षं त्यांनी ज्याच्या मागे घालवली ते काहीच नव्हतं, असंही त्यांना कळेल. दोन दिवस मी काही ठरवलं नाही. तिसऱ्या दिवशी माणूस जगायला पाहिजे एवढंच उरलं. मी त्यांना बोलावून घेतलं.

ते आले तेव्हा पायरी चढून थांबले, श्वास जमवला, मग आत आले. मी चिकटपट्टी काढली, कळ सरकवली आणि काय झालं होतं ते सरळ सांगितलं. नंतर तबकडी लावली. मास्तर फिरत्या तबकडीकडे बघत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "परत लावा."

दुसऱ्या वेळी पेरं मोजली.

"सतरा."

"हो, सतराच आहे."

"म्हंजे त्या गोऱ्याला पन तेवीस जमले नसते."

"नाहीच ना. म्हणून म्हणते, तुम्ही सतरावर थांबा. खरी चाल तीच आहे."

त्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं. मला वाटलं, काम झालं.

"अक्का, ही त्यांची हाय," ते म्हणाले. "त्यांच्या पोरी नाचत जात असतील. आपल्या न्हाई जात. दुर्गीला मी त्यांची कशापायी वाजवू?"

"मास्तर, छातीचं काय?"

"छाती हाय की." उठताना त्यांनी दाराला धरलं. "पन तुमी सांगितलं ते बरं केलंत. मला वाटत होतं, तिकडं कुनीतरी माज्यापेक्षा दमाचा हाय."

ते हसत गेले. मी कळ तशीच ठेवली.

लग्न झालं. अक्षता, जेवणं, सगळं नीट झालं असं लोक सांगतात. संध्याकाळी वऱ्हाडाची एस.टी. कार्यालयासमोर येऊन थांबली. दुर्गा सगळ्यांच्या पाया पडली, माझ्याही. मी तिच्या पाठीवर हात ठेवला असणार. ती बसकडे वळली तशी मास्तरांनी नावाड्यांची चाल सुरू केली. त्यांच्या खांद्याला खांदा लावून शिवपुत्र उभा होता. बँडमधला दुसरा क्लॅरोनेटवाला तोच.

सूर आला आणि मी मोजायला लागले.

दहापर्यंत त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तेरानंतर मानेवरच्या शिरा वर आल्या. सतराला मी मनात म्हटलं, सोडा. ते सोडेनात. अठराला डोळे मिटले. एकोणीसला गाल सैल पडले, क्लॅरोनेट ओठांनाच होतं, पण छाती हलत नव्हती. मला वाटलं, संपलं. आणि सूर चालूच होता. शिवपुत्रानं तो कधी उचलला ते मला कळलं नाही, मी डोळे लावून बघत असूनही. वीस, एकवीस, बावीस, तेवीस.

मग मास्तरांची छाती हलली. त्यांनी श्वास घेतला. मी तो घेतलेला पाहिला.

माझी जाऊ दंड धरून हलवत होती. "अहो, बघता काय बँडकडे? पोरगी गेली." मी वळले तेव्हा एस.टी. कोपऱ्यावर होती आणि मागच्या काचेवर धूळ होती.

निंगव्वानं नंतर सांगितलं, त्याच सकाळी त्यांनी शिवपुत्राला बाजूला घेतलं होतं. मी सोडलं की तू धर, लोकांना कळता कामा नये, असं बजावलं होतं. माझ्या बोलण्यामुळे त्यांनी हे केलं की छातीनंच त्यांना सांगितलं, ते मी विचारलं नाही. त्यानंतर त्यांनी वाजवलं नाही. श्रावणात एका दुपारी ते झोपेत गेले. मी चहा करून निंगव्वाकडे नेला, तिच्याशेजारी बसले. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही.

आता सगळे बँड ती चाल दोघांत वाजवतात. एकानं धरायचं, दुसऱ्यानं उचलायचं. नवीन पोरांना वाटतं, ती मुळातच दोघांची चाल आहे. सात रस्त्याच्या चौकातून वरात गेली की मला घरात ऐकू येतं. मी मोजते.

दुर्गा नागपंचमीला माहेरी आली होती. भाजी निवडता निवडता म्हणाली, "आई, मी खिडकीतून हात करत होते. तू मास्तरांकडे बघत होतीस."

"हो," मी म्हटलं. "तू रडत होतीस का?"

"आठवत नाही गं."

परत जाईपर्यंत मी तिला हेच आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा ती तेच म्हणाली.