हिरव्या काचेचं टोक

लातूर जिल्हा झालं त्या सुमाराला माझी नांदेडहून तिकडं बदली झाली. नवा जिल्हा म्हणजे जुन्या इमारतींवर नव्या पाट्या, खुर्च्या कमी, माणसं जास्त आणि ज्याच्या त्याच्या टेबलावर टँकरचे अर्ज. पाऊस लागोपाठ दगा देत होता. आत बसून आम्ही कागदावर जिल्हा उभा करत होतो आणि बाहेर विहिरी तळाला चालल्या होत्या. आठवडाभर तेच वाचून डोकं भणभणायचं. रविवार उजाडला की मी सायकल काढून गावाबाहेर पडायचो.

मला एक खूळ आहे. दगडाची आणि काचेची बाणाची टोकं घडवायची. हे नांदेडला लागलं. उन्हाळ्यात गोदावरीच्या पात्रातले गोटे उघडे पडत, त्यात मधूनच दुधी किंवा लालसर गारगोटी सापडे. तसल्याच गारगोटीची, फार जुन्या माणसांनी घडवलेली नखाएवढी टोकं मी एकदा एका संग्रहालयाच्या कपाटात पाहिली आणि तिथंच ठरवलं की हे आपल्याला जमलं पाहिजे. जमलं कुठलं? कित्येक महिने नुसता चुरा झाला. मी रागानं गोटे भिंतीवर फेकले, दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा वेचून आणले. शेवटी बाटलीच्या बुडाच्या जाड काचेवर हात बसला. डाव्या तळहातावर जुन्या चपलेचं कातडं घ्यायचं, त्यावर काच धरायची आणि लाकडी मुठीत ठोकलेल्या तांब्याच्या तारेनं कडेवर हळूहळू दाब द्यायचा. कड आधी खरबरीत दगडावर घासून बोथट करावी लागते. धारेवरच दाब दिला तर तिचा भुगा होतो. बोथट केली तर दाब आत जातो आणि खालच्या बाजूनं माशाच्या खवल्यासारखी कपची सुटते. ती सुटताना जो बारीक आवाज होतो त्यासाठी मी जेवण सोडून उठलेलो आहे. बायको म्हणायची, "या घरात कुणी चोर शिरला तर बिचारा पायानं अधू होऊन जाईल." झाडायचं मात्र तिनं माझ्यावरच सोपवलं होतं, आणि ते बरोबरच होतं.

लातूरकडं नदीचे गोटे नव्हते, पण दुष्काळानं मला दगड दिला. असं लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. विहिरी खोल करायला लोक सुरुंग लावत. काळ्या पाषाणाच्या पोटातल्या गारगोट्या, अकीक, सगळं वर येऊन ढिगात पडे. मी त्या ढिगांवर फिरायचो. सुरुंगानं पुष्कळ दगड आतून तडकलेले असतात, वरून कळत नाही. म्हणून प्रत्येक दगड दुसऱ्या दगडानं हलकेच ठोकायचा आणि कानाजवळ धरून ऐकायचं. चांगला दगड खणखणतो. तडकलेला बद्द वाजतो. लोक पाण्यासाठी तळमळत होते आणि मी त्यांच्या विहिरीवर दगड वाजवत होतो. कुणी हाकलून दिलं असतं तरी मला बोलायला तोंड नव्हतं.

चाकूरच्या अलीकडच्या एका विहिरीवर मात्र मला कुणी हाकललं नाही. उलट वाट पाहत असल्यासारखी माणसं उठून उभी राहिली. लिंबाखाली आडवं बोअर मारणारे दोघं जण मशीन दोरांना बांधून बसले होते. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले एक म्हातारे अप्पा होते आणि त्यांची सून होती, माझ्याच वयाची, विधवा. मी दोन-तीन दगड ठोकून कानाशी धरले, तेवढ्यात ती तांब्या घेऊन पुढं आली.

"सकाळपासून वाट बघायलोत तुमची," ती म्हणाली. "औशाहून सायकलीवर आलात न्हवं?"

"मी औशाचा नाही, लातूरहून आलोय."

"असंल, असंल. आधी पानी घ्या."

मला वाटलं, तालुक्याच्या कुठल्या माणसाची वाट पाहत असतील. त्या दिवसांत तांब्याभर पाणी कुणी परक्याला देत नसे, म्हणून मी दोन घोट घेऊन बाकीचं परत केलं. मग अप्पांनी विचारलं, "काय म्हंतोय दगड? कोन्च्या अंगाला पानी लागंल?" आणि माझ्या लक्षात आलं. जमिनीत पाणी कुठं आहे ते सांगणारा औशाचा पाणाड्या त्यांनी बोलावला होता. तो आला नव्हता. आणि मी आलो होतो, दगड ठोकत, ऐकत.

विहीर तळापर्यंत कोरडी होती. खाली अखंड पाषाण लागला होता, म्हणून आता आडवं बोअर मारायचं होतं, विहिरीच्या भिंतीतून बाजूला. कुठल्या बाजूला, हे कुणालाच माहीत नव्हतं आणि एकापेक्षा जास्त मारायची त्यांची ऐपत नव्हती. लागलं तर राहायचं. नाही लागलं तर बैल बिलोलीकडं तिच्या भावाकडं धाडायचे, घराला कुलूप घालायचं आणि दोघांनी लातूरला कुठंतरी खोली बघायची, हे ठरलेलं होतं. बैल तिच्या नवऱ्यानं गोऱ्हे असल्यापासून वाढवलेले. हे सगळं तिनं रडगाणं न लावता, स्वयंपाकाला काय आहे नि काय नाही ते सांगावं तसं सांगितलं.

"आक्का, मला पाण्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. "मी सरकारी कारकून आहे. दगड गोळा करतो, त्याची बाणाची टोकं करतो. एवढंच."

माझ्यावर कुणी विश्वास ठेवीना. आमच्याकडचे पाणाडे आधी नाहीच म्हणतात, तोही त्यांच्या कामाचा भाग असतो. माझा पारा चढायला लागला. शेवटी खरं काय ते दिसावं म्हणून मी खिशातून रुमालात गुंडाळलेलं हिरव्या काचेचं टोक काढून अप्पांच्या हातात दिलं. चांगलं साधलेलं, पानासारखं पातळ टोक होतं ते. म्हटलं, हे बघा, हे असलं करतो मी.

अप्पांनी ते उन्हात धरून पाहिलं. मग डावा हात पुढं करून तळवा सपाट केला आणि त्यावर ते ठेवलं. आमच्याही घरी माझे वडील रोज सकाळी असाच तळवा पुढं करून त्यावर गळ्यातलं इष्टलिंग ठेवत आणि पूजा करत. त्या जागी दुसरं काही ठेवलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. अप्पांनी डोळे मिटले, ओठ हलवले. म्हाताऱ्या हाताला कंप होताच. काच गुळगुळीत. टोक तळव्यावर जरासं घसरलं, फिरलं आणि त्याचं अणकुचीदार अंग नाल्याच्या बाजूला वळलं. बाण होता तो. बाण कुठंतरी रोखलेला असणारच.

"तिकडं," अप्पा म्हणाले.

मी ओरडलोच. "अप्पा, ती बाटलीची काच आहे! माझ्या हातानं घडवलेली आहे. तुमचा हात थरथरला म्हणून ती फिरली. तिच्या नादानं मारू नका!"

बोअरवाले माझ्याकडं न बघता दोर सोडायला लागले. आक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमी न्हाई म्हनलात, ते ऐकलंय म्या. तुमच्यावर काई बोल न्हाई. पर कुटंतरी तर मारायचंच हाय की. मामंजींच्या मनानं घेतलंय, तिकडंच मारू."

 

मला जाता आलं असतं. सायकल तिथंच उभी होती. पण मी विहिरीच्या काठावर अप्पांजवळ बसून राहिलो. मशीन खाली घरघरत होतं. बोअरमधून दगडाचं पीठ येत होतं, ते बोअरवाले मधूनमधून घमेल्यातून वर पाठवत. अप्पा चिमूट घेऊन बोटांत चोळत. पाणी जवळ आलं की पिठाला ओल येते. पीठ काळं होतं, मग करडं झालं आणि कोरडंच राहिलं. दुपार कलली. प्रत्येक घमेल्याला आक्का उठून बघायची आणि पुन्हा बसायची. मी कुठल्याच देवाला कधी फार त्रास दिलेला नाही, पण त्या दिवशी वडिलांच्या तळहातावरच्या त्या लिंगाला मी विनवत होतो.

शेवटच्या घमेल्यातलं पीठ लाल आलं.

बाकीचे ओल बघायला वाकले. मी रंग बघितला. त्यात नखाएवढ्या कपच्या होत्या, धारदार, मेणासारख्या तुकतुकीत. अशी लाल गारगोटी मी तोवर पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. भिंतीच्या आत कुठंतरी तिचा अख्खा थर असणार. क्षणभर मी हरखलो. मग अप्पांनी त्यातलीच चिमूट घेऊन चोळली आणि ती त्यांच्या बोटांतून कोरडीच खाली पडली. मला स्वतःची इतकी शिसारी क्वचित आली असेल. मी ज्यासाठी वणवण फिरत होतो ते त्या विहिरीत निघालं होतं आणि ती बाई ज्यासाठी बसली होती ते निघालं नव्हतं. त्यातली एकही कपची मी उचलली नाही.

बोअरचे गज संपले होते, आणखी आत जाता येणार नव्हतं. बोअरवाल्यांनी मशीन वर घेतलं, पाय झटकले आणि मान खाली घालून सामान बांधायला लागले. अप्पा घराकडं गेले. काचेचं टोक त्यांनी काठावरच्या दगडावर नीट ठेवलं होतं. आक्कानं ते उचललं.  वाटलं, आता ही बोलणार, आणि बोलायला पाहिजेच.

तिनं ते बोटांत फिरवून पाहिलं. धारेवरून अंगठा नेला.

"ह्याचं करतात काय, साहेब?"

"काही नाही," मी म्हणालो. "छंद म्हणून करतो. उपयोग काहीच नाही ह्याचा."

"काईच न्हाई?"

"काहीच नाही."

 तिनं ते माझ्या हातावर ठेवलं.

"बरं हाय मग," ती म्हणाली. "कामाचं असतं तर लई राग आला असता मला."

आणि ती गोठ्याकडं गेली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा तिनं सोडल्या, पदरानं पुसल्या आणि घरात नेऊन खुंटीला अडकवल्या. बैल तेवढे बिलोलीला जायचे होते.