सांडू दलालानं न्हाऊ घातलेली पिशवी

तुझ्या आजाला मी लग्न होऊन आले तवापासून एका जागी बसलेलं पाह्यलं नाय. लिही गं पोरी संस्कृती, मी बोलते तसंच लिही. जेवताना सुदिक एक पाय चपलेत. जन्मभर छावणीच्या गुरांच्या बाजारात दलाली केली ना! इकडं बैलाचे दात बघ, तिकडं गिऱ्हाइकाला थोपव. पार देवगाव रंगारीकडून लोकं जोडी घेऊन यायची आन् म्हणायची, सांडू दलालाला विचारा, तो वाजवी सांगंल.

आता तुमाला कुठं म्हाईत सौदा कसा व्हायचा ते. दोघांचे हात रुमालाखाली. आकडा तोंडानं काढायचा नाय, बोटं दाबून सांगायचा. बाजूला उभं राह्यलेल्याला पत्ता लागत नाय. तुझा आजा म्हणायचा, "तोंड खोटं बोलतं, बोट नाय बोलत. जरा अडखळलं की वळखायचं, गडी आजून वर चढतो." आन् एक नेम होता त्यांचा. हात सोडायच्या आदी जनावराची खोड सांगायची. मारकं हाय, औताला बसतंय, जे आसंल ते. मग माघारी कुणी भांडाय येत नाय.

पुढं ट्रॅक्टर आले, बाजार पातळ झाला, आन् ह्यो माणूस घरातच येरझाऱ्या घालाय लागला. फरशी झिजली म्हण.

तशात आपल्या गल्लीतली द्वारकाबाई आली एक पिशवी घेऊन. तिचा आजेसासरा गोऱ्यांच्या काळात छावणीत एका सायबाच्या घरी कामाला होता. साहेब जाताना देऊन गेला म्हणं. स्कॉटलंड म्हणून मुलूख हाय, तिथले शिपाई बायांवानी घागरा नेसायचे. त्याला खिसा नाय, म्हणून कमरेला पुढून ही लटकवायची. लांब पांढरे बोकडाचे केस, दोन काळे गोंडे, वर नक्षीचं चांदीसारखं तोंड. मला तर वाटलं बोकडच मांडीवर घेऊन आली.

"भाऊजी, ही इकून द्या," द्वारकाबाई म्हणली. "मला घरघंटी घ्यायचीय. गल्लीचं दळण दळीन, कुणापुढं हात पसरायचा नाय. पण बगा, मलाबी बुडवू नका आन् घेणाऱ्यालाबी बुडवू नका."

"वाजवीच काढीन. शब्द हाय माझा."

झालं! शब्द दिला आन् झोप गेली.

तुझ्या आईनं, मोनिकानं, मोबाइलवर तसल्याच पिशव्या काढून दावल्या. एकीला लाख मागितलेले, दुसरीला आठ हजार. तुझा आजा खुर्चीच्या मागं उभा. "मोनिका, हा मागितलेला भाव. मागायला काय, मी म्हशीचे दहा लाख मागीन. इकली कितीला ते दाव." मग तिनं इकलेल्या धुंडाळल्या. केस शाबूत, कातडं मऊ, गोंडे जाग्यावर, आसल्या चाळीस हजाराच्या आसपास गेलेल्या. कसर लागलेल्या मातीमोल. सोनारानं पाह्यलं तर तोंड चांदीचं नाय, नुसता मुलामा. आजा म्हणले, "मोनिका, फोटोखाली मुलामाच लिही. चांदी लिहू नको."

मोबाइलवरच स्कॉटलंडचा फर्गस म्हणून एक म्हातारा निघाला, आसल्याच जुन्या वस्तू जमवणारा. फोटो दावून ह्यांनी चाळीस हजार सांगितले, तो लगेच हो म्हणला. तर ह्यांचं सुरू, "लगेच म्हणला? मंग मी कमी सांगितलं का काय?" घटकाभरानं, "का जास्त झालं? म्हातारा फसला तर?"

"आहो, ठरला ना सौदा," मी म्हणलं.

"त्याचा हात नाय माझ्या हातात. आंधळ्यावानी भाव काढलाय मी."

दुसऱ्या दिशी दुपारी आमी दोघी सासू-सुना एका बारशाला गेलो. ह्यो माणूस घरात एकटा, हाताला काम नाय, आन् पिशवी समोर. बाजाराला नेताना जनावर धुतात, शिंगं रंगवतात, ते तुला म्हाईतच हाय. ह्यांनी पिशवी घेतली, रिठ्याच्या पाण्यात बुचकळली, केसाला खोबरेल चोपडलं, तोंड चिंचेनं घासलं, आन् गच्चीवर उन्हात टांगली.

आमी आलो तर काय! कातडं पापडासारखं कडक. केसाच्या झाल्या जटा. मुलामा निघून खालचं पितळ पिवळं धम्मक. मोनिका मटकन खाली बसली. "मामंजी, हे काय केलं हो? जुनेपणाचेच पैसे होते त्याचे!"

तुझ्या आजानं दुसराबी पाय चपलेत घातला. तसाच पिशवी घेऊन द्वारकाबाईच्या दारी. आमी दोघीबी मागं मागं. तिनं पिशवी उलटी केली, सुलटी केली.

"भाऊजी, ही पिशवी होती का पोळ्याचा बैल?"

मला हसू आलं, पण तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मी तोंडाला पदर लावला.

मोनिका म्हणली, "म्हाताऱ्यानं फोटो पाह्यलेत. हीच पिशवी, हेच गोंडे. देऊ पाठवून. इतक्या लांबून माघारी कोण धाडतं?" तिचंबी खरं, द्वारकाबाईच्या घरघंटीसाठीच बोलत होती ती. पण आजा दारापासून चुलीपर्यंत, चुलीपासून दारापर्यंत. मधी थांबून द्वारकाबाईला म्हणले, "वहिनी, माल तुमचा. तुमी सांगा."

द्वारकाबाई लई वेळ जटा सोडवत बसली. मग म्हणली, "तुमी बैलाची खोड झाकली व्हय कवा? मंग माझीच पिशवी झाकून देता का? लावा फोन."

फोन लावला. फर्गस दिसला, लाल नाकाचा, आपल्या तात्यासाहेब सोनारावानी. भाव बोलायची येळ आली तशी तुझ्या आजानं सवयीनं खांद्यावरचा रुमाल काढला आन् मोबाइलवर टाकला. सगळा अंधार! तिकडून म्हातारा वरडतोय. मोनिकानं रुमाल वढला, "मामंजी, आहो तो कुठं हात घालणार हाय?"

मग आजानं पिशवी मोबाइलसमोर धरली. कातडं वाकवून दावलं, पितळ दावलं, जटा दावल्या. "मी धुतली. चूक माझी. सांग त्याला, मोनिका." आन् मान पुढं घालून म्हाताऱ्याचं तोंड न्याहाळत बसले, जसं पूर्वी बोट चाचपायचे. म्हातारा पिशवीकडं, मेलेल्या वासराकडं बघावं तसं बघत होता. मग बावीस हजार म्हणला.

मोनिका म्हणली, "अजून ताणू का?"

"नको. त्याला वाईट वाटलंय, तरी घेतोय. बावीस वाजवी हाय."

बावीस आले. पाठवणावळीत काही गेले, उरल्यात नवी घरघंटी येईना. तूट मी भरतो म्हणले आजा, पण द्वारकाबाईनं नको म्हणून चक्क हात जोडले. मग त्यांनीच शहरभर हिंडून वापरलेली एक शोधली. चार ठिकाणी झाकण उघडून आत हात घालून पाह्यलं, दोन दुकानदारांशी भांडण केलं. आणून ठेवली आन् म्हणले, "वहिनी, खोड सांगतो. बाजरी टाकली की आरडती."

आरडतीच. सकाळी गल्लीला उठवती मेली. आन् तुझा आजा चहाची कपबशी घेऊन द्वारकाबाईच्या दारात उभा, एक पाय चपलेत.

"आजचा आवाज येगळा येतोय का वहिनी?"

"कालच्यासारखाच हाय भाऊजी. जा, चहा प्या."

जात नाय. तिथंच कान देऊन उभा राहतो.