कोपीत सारलेल्या पिशव्या

येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या लोहारा तालुक्यातली गावं ओस पडतात. सगळे रानात जेवायला. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करायची, तिच्यात पूजा मांडायची आणि दिसेल त्याला ओढून पंगतीला बसवायचं. सास्तूरजवळचं आमचं रान थोरला भाऊ आणि वहिनी कसतात. मी धाराशिवला नोकरीला. मागच्या येळवशीला मी ऑफिसातली माणसं दोन गाड्यांत कोंबून नेली. मोठेपणा, दुसरं काय!

वहिनीनं जेवायच्या पितळ्या घासून मांडून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, "राहू द्या वहिनी, एवढ्या परत कोण घासत बसणार?" आणि चकचकीत प्लास्टिकच्या पत्रावळ्या, ग्लास बाहेर काढले. भज्जी, उंडे, आंबिल, सगळ्यांनी पोट फुटेस्तोवर हाणलं. मग एकानं मोबाइलवर दाखवलं, समुद्रातला कुठला तरी भला मोठा मासा, मेलेला, पोटात नुसतं प्लास्टिक. सगळे चुकचुकले. मी तर भाषणच ठोकलं. म्हणालो, किनाऱ्यावरच्या लोकांना अक्कल कशी ती नाही, समुद्राचा उकिरडा केलाय. हातात प्लास्टिकचा ग्लास, ग्लासात वहिनीची आंबिल. माझ्या जिभेला हाडच नाही.

निघताना खरकट्यासकट पत्रावळ्या आम्ही पिवळ्या पिशव्यांत भरल्या. गाडीत घ्याव्यात तर वास येणार, उघड्यावर टाकाव्यात तर भावासमोर शोभणार नाही. मी पिशव्यांना चांगल्या गाठी मारल्या आणि कोपीच्या मागच्या अंगानं पेंढ्यांमध्ये खोल सारून दिल्या. येळवस झाली की कोपीचा कडबा जनावरांपुढंच जातो, हे मला शेतकऱ्याच्या पोराला माहीत नव्हतं काय? होतं. पण डोक्यात तेव्हा फक्त गाडीतला वास होता.

वहिनीची देवणी गाय गाभण होती. कालवड होती तेव्हापासून वहिनीनंच तिला वाढवलेली. डेअरीला दूध जायचं ते तिचंच. मीठमिरची, दवाखाना, पुतणीचं कॉलेज, सगळं तिच्या कासेवर. तिसऱ्या दिवशी वहिनीनं तिला कोपीपाशी नेऊन मोकळी सोडली आणि स्वतः खुरपायला गेली. पुढं पंधरा दिवसांत गाईनं रवंथ सोडला. पोट फुगून आलं. भावाचा फोन आला तसा रविवारी मी गावाला गेलो.

जनावरांच्या डॉक्टरनी पोट फाडलं. आत हात घालून ते बाहेर काढत होते आणि आम्ही बघत होतो. दोऱ्या, बियाण्याच्या पिशव्या, गुटख्याच्या पुड्या, काय नाही ते. डॉक्टर म्हणाले, "हे एका दिवसाचं नाही. रस्त्याच्या कडेला, ओढ्यात चरताना वर्षानुवर्षं पोटात गेलेलं आहे." ते वाक्य मी अधाशासारखं धरलं. तेवढ्यात पिवळ्या पिशव्यांच्या चिंध्या निघाल्या. गाठी तशाच. मी त्यांच्याकडं बघितलं आणि दुसरीकडं मान वळवली. दुपारी गाय गेली. पोटातलं वासरूही गेलं.

आता वहिनी दुसऱ्याच्या रानात रोजानं जाते. पुतणीनं कॉलेज सोडून घर धरलंय. ऑफिसात कुणी विचारलं तर मी सांगतो, आजारानं गेली. लाज वाटते म्हणून नाही, सवय झालीय म्हणून. आणि रस्त्यावर कुणी वेफर्सचं पाकीट टाकलं तर अजूनही त्याच्या अंगावर धावून जातो. असला मी.

पण त्या दिवशीचं मला आतून कुरतडत राहतं. भाऊ खड्डा खणायला माणसं आणायला गेला होता. वहिनी गाईच्या डोक्यापाशी बसली होती. म्हणाली, "भाऊजी, म्याच सोडली हो तिला कोपीकडं. तितं काय पडलंय ते एकदा बघाय पायजे हुतं. म्याच मारली तिला."

खरं सांगायला तेवढाच वेळ होता. आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "व्हय वहिनी, जरा लक्ष ठेवायला पाहिजे होतं."

"चुकलंच माझं," ती म्हणाली.