भिंगरीची गाठ

पिसूने खांदा खाली टाकला, पाठीवर तीन गिरक्या घेतल्या आणि फिरता फिरता पायांची गाठ मारून जागच्या जागी थिजली. हॉल नुसता पेटला. पण ती गाठ भिंगरीची होती, तिने स्वतः शोधलेली.

भिंगरी म्हणजे इमारतींमधल्या फरश्यांना मशीनने पॉलिश मारणारी बाई. वय चौतीस. ते मशीन माजलेल्या रेड्यासारखं. त्याच्याशी जोर लावून चालत नाही, कंबर ढिली सोडून त्याच्याच ओढीने फिरावं लागतं. त्या फिरण्यातूनच ती ब्रेकडान्स शिकली, कुठल्याही क्लासवाल्याच्या पाया न पडता. लोक हसले. हसू देत! आज ती अंतिम सामन्यात उभी होती, शेवटच्या फेरीत. जिंकेल ती एकटीच जागतिक स्पर्धेला जाणार होती, आणि पुढच्या वेळेपर्यंत भिंगरीचे गुडघे टिकतील याची खात्री कुणीच देणार नव्हतं.

समोर पिसू. अठरा वर्षांची, भिंगरीनेच घडवलेली.

या खेळात एकमेकींना वाकुल्या दाखवलेल्या चालतात, पण दुसरीचा डाव उचललेला चालत नाही. तसं झालं की समोरचीने दोन्ही हात जबड्यासारखे एकावर एक आपटायचे. म्हणजे चोरी! परीक्षक गुण कापतात आणि चोर हे नाव वर्षानुवर्षं सुटत नाही.

"दाखव हात!" कडेला उभा भिंगरीचा टेम्पोवाला भाऊ ओरडला. "अगं, बघत काय राहिलीस? सगळ्या गल्लीनं तुला ही गाठ मारताना बघितलंय!"

भिंगरीचे हात वर गेले. पिसूचा चेहरा पांढराफटक पडला, पण तिने नजर काही खाली घातली नाही.

त्या नजरेनेच घात केला. भिंगरीला दोन वर्षांपूर्वीची दुपार आठवली. मशीनने हिसका देऊन खांदा निखळवलेला, हात झोळीत, नाच बंद म्हणून डॉक्टरने बजावलेलं. उशाशी पिसू मुळूमुळू रडत होती. भिंगरीच खेकसली होती, "रडतेस काय? माझी गाठ तू घे. आजपासून तुझी. मी परत तिला हात लावायची नाही!"

खांदा वर्षभरात बसला. शब्द मात्र ती सोयीस्कर विसरली. गेले सहा महिने गाठच घोटत होती, शेवटच्या फेरीसाठी तीच राखून ठेवली होती.

गाणं वाजतच होतं. ते कुणासाठी थांबत नाही. आता गाठ मारावी तर आपणच चोर, आणि खूण करावी तर आपण खोटे.

हात खाली आले.

भिंगरी रिकाम्या डोक्याने उतरली. पंजे जमिनीवर, पाय पॉलिशच्या ब्रशसारखे गोल. पहिल्याच फेऱ्यात तळव्याला कळलं की उजवीकडे फळीचा सांधा जरासा वर आलाय. फरशीवालीला असलं कळतंच. तिने तो टाळला, डावीकडून वेग घेतला, ठोक्यावर ठोका पकडला, कोपरावर तोलून उलटी उभी राहिली. दुखरा खांदा थरथरत होता. सुटला असता तर कायमचा गेला असता. तिने ठोका संपेपर्यंत दम धरला.

तीन परीक्षक. पहिल्याचं बोट भिंगरीकडे. दुसऱ्याचं पिसूकडे. तिसऱ्या परीक्षक बाईने कागदाकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं.

पिसू.

"एक खूण केली असतीस तर विमानात बसली असतीस!" भाऊ चवताळला.

"खोटं बोलून बसायचं असेल तर तूच बस, दादा. खिडकीची जागा माग."

पिसू समोर आली. "ताई, गाठ परत घ्या. मला नको."

"गप! दिलेलं परत घेत नसते मी." भिंगरीने तिचा खांदा धरून जोरात दाबला. पिसू कळवळली. "दुखलं ना? खांदा आधी टाकतेस म्हणून. कंबर आधी टाकायची. तिकडे अशीच उतरलीस तर माझ्यासारखी झोळीत हात घालून येशील."

हॉल रिकामा होत होता. भिंगरी खाली बसली.

"चल, कर. पुन्हा."