छत्तीस, म्हणजे पस्तीस

आमच्या आत्याला घराण्याचा तक्ता करायचं खूळ लागलं तेव्हा ती ऐंशीची होती. आयुष्यभर कोट शिवून डोळे अधू झालेले, पण नाक मात्र शाबूत, कुणाच्याही घरात खुपसायला. कापड बेतायच्या खाकी कागदावर तिने आमचं सगळं गणगोत मांडायला घेतलं. कोण कुणाचा कोण, हे विचारायला फोन करायची आणि कोण कुणाशी का बोलत नाही, हेही काढून घ्यायची. दोन वर्षांत त्रेसष्ट माणसं आणि सतरा भांडणं जमली.

एकच चौकोन रिकामा होता. तिच्या थोरल्या भावाचा, म्हणजे माझ्या काकांचा. ते अठराव्या वर्षी लढाईवर गेले ते गेलेच. आत्या तेव्हा सात वर्षांची. तक्ता छापायचा म्हणून माझा मोठा भाऊ तिच्या मागे लागला, "अगं आत्या, लिही 'मृत' आणि हो मोकळी."

"तू पाहिलंस मरताना?" आत्या कडाडली. "दादाच्या चौकोनाला पेन लावलंस तर बोटं छाटीन."

कात्री हातातच होती. भाऊ दोन पावलं मागे सरला, पण जाता जाता म्हणालाच, "महिनाभर थांबतो. मग मीच लिहितो."

त्याच महिन्यात ऑफिसच्या कामाने मी परगावी गेलो. बॅग हरवली, म्हणून तिथल्या शिंप्याकडून घाईघाईने शर्ट शिवून घेतला. तो घालून घरी आलो तर श्वास घेता येईना.

"पोट सुटलंय मेल्या," आत्या खुशीत म्हणाली. मग तिने शर्टाला टेप लावली. छाती एक इंच कमी, बाही एक इंच कमी, उंचीसुद्धा एकच इंच कमी.

"मापं घेताना तो काही पुटपुटत होता का रे?"

"हो ना! छत्तीस, म्हणजे पस्तीस. चोवीस, म्हणजे तेवीस. मला वाटलं, डोक्यावर परिणाम झालाय."

आत्याने टेप बाजूला ठेवली. पंचाहत्तर वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट तिने तेव्हा सांगितली. लहानपणी तिने वडिलांच्या टेपचा पहिला इंच कापून बाहुलीला पट्टा केला होता. दादाने आळ स्वतःवर घेतला आणि मार खाल्ला. वडिलांनी ती टेप त्याच्याच गळ्यात अडकवली, "बस आता जन्मभर एक वजा करत!" लढाईवर जाताना तो तीच खिशात घालून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या दुकानात. दोन मशीन, एक इस्त्री, कानामागे खडू खोचलेला पस्तिशीचा शिंपी. आत्याने कोटाचं माप द्यायला हात पसरले.

"बत्तीस, म्हणजे एकतीस."

"का रे बाबा? टेप तर अख्खी आहे तुझी."

त्याने टेपकडे आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं असावं. "आजोबा असंच म्हणायचे. ते गेल्यावर त्यांची टेप तुटली, मी नवी आणली."

"गिऱ्हाइकं कुरकुरत नाहीत?"

"छे! त्यांना वाटतं, आपणच जाड झालो."

मी फस्सकन हसलो. आत्या हसली नाही. "कधी गेले आजोबा?"

"अकरा वर्षं झाली."

आत्याने बटव्यातून टेपचा पिवळा पडलेला एक इंच काढून टेबलावर ठेवला. "म्हणून आजोबांची टेप एकापासून सुरू व्हायची!" शिंप्याने तो तुकडा उचलला. लढाई संपल्यावर आजोबा घरी परतले होते, तो सांगू लागला, पण गल्लीवर बॉम्ब पडला होता. कुणीतरी सांगितलं, कोणी वाचलं नाही. "आम्ही सगळे त्या आठवड्यात मावशीकडे होतो, पण हे सांगायला तिथे कुणीच नव्हतं," आत्या पुटपुटली.

शिंप्याने आजोबांची सुयांची पेटी आणली. झाकणाच्या आत पेन्सिलीने आई, वडील, भाऊ, बहीण अशी नावं लिहिली होती आणि प्रत्येकापुढे फुली. म्हणजे आम्ही इकडे काकांचा चौकोन रिकामा ठेवत होतो आणि तिकडे आत्या कधीच मेली होती. शेवटच्या नावावरून तिने बोट फिरवलं. रडू तिला आवरत नव्हतं आणि ती आवरतही नव्हती.

"दादा, अरे एकदा नीट विचारायचंस तरी," ती म्हणाली. मग पदराने नाक पुसून दादाच्या नातवावर डाफरली, "बघतोस काय ठोंब्या? खोडरबर आण. आधी मला जिवंत कर. आणि कोटाचं माप पुन्हा घे, पूर्ण बत्तीस."