पोपच्या पलंगाखाली

नागपूरच्या विमानतळावर सोडायला आलेल्या शेजारच्या काकांनी विचारलं, "पोरगी काय शिकायला चालली?" बाबांनी माझ्याकडे न बघताच सांगून टाकलं, "कॉम्प्युटरचंच काहीतरी." मी चालले होते सातव्या शतकातल्या एका पोपवर पीएच.डी. करायला. विमानात बसले आणि ढसाढसा रडले.

स्टेट कॉलेज नावाच्या परदेशी गावातल्या अपार्टमेंटमध्ये तिघी इंजिनिअर आणि मी. त्यांनी पहिल्याच आठवड्यात माझं बारसं केलं. "यार पोपवाली, आज भांडी तुझ्याकडे!" मी मात्र कॅम्पस बसमध्येही पोपमध्येच बुडालेली. त्याचं कुटुंब मूळचं सिरियाचं, जन्म सिसिलीतला, आणि हा तिथून रोमला आलेला. ओळखपाळख फारशी नसावी, पण गळा तयार. गाण्याच्या जोरावर चर्चमध्ये शिरला आणि चढत चढत पोप झाला. परक्या गावात असा रुजलेला माणूस सोबतीला होता, म्हणून माझे पहिले हिवाळे निभावले.

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. पोहे खाता खाता बाबांनी एकदाचं विचारलं, "तुझ्या त्या पोपनं केलं तरी काय?" मी परीक्षेला बसल्यासारखी सावरून बसले. म्हटलं, तेव्हा रोमवर दूरच्या एका सम्राटाचं राज्य होतं, त्याचा हुकूम यानं धुडकावला. सम्राटानं त्याला धरून आणायला अधिकारी पाठवला. पण तिथले सैनिकच पोपच्या बाजूनं उभे राहिले, आणि तो अधिकारी घाबरून पोपच्याच पलंगाखाली लपला. शेवटी पोपनंच बाहेर येऊन सैनिकांना शांत केलं.

बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ज्याला धराले आला, त्याच्याच पलंगाखाली? हे आधी काहून नाही सांगितलं?"

"तुम्ही विचारलं कुठे?" मी म्हणाले.

संध्याकाळी त्याच काकांचा व्हिडिओ कॉल आला. "पोरगी काय करते तिकडं?" मी उठून किचनमध्ये गेले. ते 'कॉम्प्युटर' पुन्हा ऐकायचं नव्हतं. मागून बाबांचा खणखणीत आवाज आला, "पोपवर संशोधन करते! थांबा, गंमत सांगतो." त्यांच्या गोष्टीत पलंगाला मच्छरदाणीही लागली होती. मी ओट्याशी उभी राहून हसत होते आणि डोळे पुसत होते.

आता गल्लीतल्या काकू फोनवर आधी विचारतात, "तुझा पोप बरा आहे ना?" मी सांगते, मजेत आहे. माझ्यासारख्या लांब आलेल्यांनो, आपली इतकी चौकशी जिथे होते, ते घर सुटलं असं मी तरी म्हणणार नाही.