टिटवीचं ओलं पोट

धामणगाव बढ्याजवळच्या तलावाकाठी बकऱ्या चारण्यात जनकाबाईची साठी उलटली होती. टिटवीचं तिला कधी नवल वाटलं नाही. बकऱ्या जरा पुढे सरकल्या की डोक्यावर घिरट्या घालून कालवा करणारं पाखरू, एवढीच ओळख.

यंदा मे महिन्यात तिची भाची समता पाणपक्षी मोजायला आली. ती शाळेत शिक्षिका. तलाव आटून मधोमध एक डबकं तेवढं उरलं होतं. भर दुपारी बाभळीखाली बसल्यावर समतानं आपली दुर्बीण आत्याच्या डोळ्यांना लावली.

"त्या गोट्याइत पाह्य, आत्या. टिटवीचे चार अंडे हायत."

आधी जनकाबाईला नुसते गोटेच दिसले. मग त्यातले चार ठिपक्याठिपक्यांचे निघाले. तेवढ्यात त्यांच्यावर बसलेली टिटवी उठली, तुरुतुरु डबक्यात गेली, पोट पाण्यात घुसळलं आणि तशीच निथळत येऊन अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं नराची पाळी. तोही तसाच भिजून आला.

"थे काय करून राह्यली वं?"

"अंडे गार करून राह्यली. नाही तं या उन्हात आतल्या आत शिजतीन."

तरुणपणी कापूस वेचायला जायची तेव्हा ऊन चढलं की लेकराच्या झोळीवर जनकाबाई पदर भिजवून टाकायची. ही युक्ती आपल्यालाच सुचली, असं तिला इतकी वर्षं वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी गाळ काढायला पोकलेन आलं. जनकाबाई थेट त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"सरका, मावशी! काऊन आडव्या आल्या?" चालक राजकुमार वरून ओरडला.

"अंडे हायत इथं."

"मले तं गोटेच दिसून राह्यले."

तिनं समताकडून दुर्बीण घेतली आणि त्याच्या हाती दिली. राजकुमारनं वैतागूनच डोळ्यांना लावली. टिटवी पाण्यातून परतत होती, पोटाखालून थेंब गळत होते. तो पाहतच राहिला. मग त्यानं इंजिन बंद केलं.

"अंडे गार कराले अंगावर पाणी आणते काय?"

"हाव. दोघंबी. दिवसभर."

त्यानं दुसऱ्या टोकाकडून खोदायला घेतलं. जनकाबाईनं बकऱ्या येऊ नयेत म्हणून लांबून काटेरी फांद्यांचं कुंपण घातलं. जवळ गेलं तर पाखरू अंडी सोडेल, हे समतानं बजावलं होतं. जनकाबाई रोज दुर्बीण घेऊन बसू लागली. घरी भाकरी थापतानासुद्धा ऊन किती चढलं ते दाराबाहेर डोकावून बघायची.

दहाव्या दिवशी सकाळी तीन पिल्लं बाहेर आली. चौथं अंडं तसंच राहिलं. अंगठ्याएवढी पिल्लं, काडीसारखे पाय, आणि अंग वाळतंय तोच पळत कुंपणापर्यंत आलेली! वर घार दिसली. टिटवी ओरडली, आणि पिल्लं गोट्यांत दबून बसली ती दिसेनाशीच झाली.

राजकुमार कुंपणापाशी जनकाबाईजवळ आला.

"कुठी गेले?"

"इथंच हायत," जनकाबाई हळूच म्हणाली. "पाय नोको हालवू."

तापल्या गाळात दोघं श्वास रोखून उभे राहिले.